मुख्याधिकारी व्हावं की थांबावं?

पत्राचा सारांश : पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय 28, स्थापत्य अभियंता. शहरांसाठी प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्या एका खासगी सल्लागार कंपनीत काही काळ नोकरी केली, मग ती सोडून नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी केली. आता नगरपरिषद किंवा नगरपंचायतीचा कारभार पाहणाऱ्या ‘मुख्याधिकारी, गट ब’ या पदासाठी शिफारस झाली आहे. वडील एका स्थानिक स्वराज्य संस्थेतून लिपिक म्हणून निवृत्त झाले आहेत. ते म्हणतात, ‘मी आतून पाहिलंय, तू तिथे जाऊ नकोस. अजून एकदा परीक्षा दे, उपजिल्हाधिकारी हो.’ जुन्या कंपनीनेही वाढीव पगारावर परत बोलावलं आहे आणि त्यांना महिनाअखेर उत्तर हवं आहे. वाचक लिहितात, ‘अमेरिकेत सिटी मॅनेजरच्या हाती शहर सोपवलेलं असतं. आपल्याकडे नगरसेवक कामच करू देत नाहीत. पुण्याला स. गो. बर्व्यांसारखा अधिकारी मिळाला म्हणून जंगली महाराज रस्ता झाला. मला शहर घडवायचंय, पण राजकारण्यांची हांजी हांजी करायची नाही. आणि नेमणूक वीस हजार वस्तीच्या गावात झाली तर शहर घडवायचं राहिलंच कुठे?’ रुजू व्हावं, थांबावं की कंपनीत परतावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

आधी मनापासून अभिनंदन. शिफारस यादीत नाव यावं म्हणून पेठांमधल्या अभ्यासिकांत मुलंमुली किती वर्षं घालवतात ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. तरी तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्या आनंदाची एक ओळ नाही, याचं मला वाईट वाटलं. निर्णय काहीही होवो, पेढे वाटा.

तीन पर्यायांतला कोणता, ते मी सांगणार आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या काही वाक्यांपाशी थांबायला हवं. तुमचा सगळा पेच त्या वाक्यांवर उभा आहे आणि मला ती तेवढी भक्कम वाटत नाहीत.

बर्व्यांपासून सुरुवात करू. स. गो. बर्वे हे आयसीएस, म्हणजे ब्रिटिशकालीन सनदी सेवेतले अधिकारी. 1950 मध्ये पुण्याची महापालिका झाली तेव्हाचे पहिले आयुक्त. 1961 मध्ये पानशेत धरण फुटल्यावर पुण्याच्या पुनर्वसनाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. तुमचा आदर अगदी योग्य जागी आहे. पण त्यांचं पुढे काय झालं तेही लक्षात घ्या. हा कर्तबगार अधिकारी सरकारी नोकरी सोडून राजकारणात उतरला, राज्याचा मंत्री झाला आणि 1967 मध्ये मुंबईत माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासारख्या उमेदवाराविरुद्ध लोकसभेची निवडणूक जिंकला. लोकांसमोर जाऊन मतं मागणं हे अधिकारपदापेक्षा हलकं काम आहे असं त्यांना वाटलं असतं, तर ते त्या वाटेला गेले नसते.

आता तो रस्ता. आज पुणेकर जंगली महाराज रस्त्याचं नाव कौतुकाने घेतात ते त्याला खड्डे पडले नाहीत म्हणून. ते कौतुक सत्तरच्या दशकातल्या कामाचं आहे. रिकोंडो या कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर करून दिला आणि हे काम घडवून आणण्यात पुढाकार होता श्रीकांत शिरोळे यांचा. शिरोळे तेव्हा नगरसेवक होते, स्थायी समितीचे अध्यक्ष होते. तुम्ही अधिकाऱ्यांच्या बाजूने जो रस्ता साक्षीला आणलात, त्या रस्त्याच्या टिकाऊपणामागे एका नगरसेवकाचा आग्रह आहे. हे मी तुम्हाला वादात हरवण्यासाठी सांगत नाही. तुम्ही ज्या कामाला निघाला आहात त्याचा गाभाच हा आहे, म्हणून सांगते आहे.

सिटी मॅनेजरबद्दलही तुमचं चित्र अर्धं आहे. व्हर्जिनियातल्या स्टाँटन या शहराने 1908 मध्ये असा पहिला व्यवस्थापक नेमला. ओहायोतल्या डेटनला 1913 मध्ये महापुराने झोडपलं आणि पुढच्याच वर्षी त्या शहरात ही पद्धत सुरू झाली. मग ती देशभर पसरली. रोजचा कारभार त्या व्यवस्थापकाकडे असतो हे खरं. पण त्याला नेमतं कोण? निवडून आलेलं कौन्सिल. काढतं कोण? तेच कौन्सिल. बहुमत फिरलं की त्याची नोकरी गेली. तो राजकारणापासून लांब नसतो, उलट सदस्यांच्या विश्वासावरच त्याचं पोट असतं. आपल्याकडे मुख्याधिकाऱ्याला राज्य सरकार नेमतं. नगरसेवक तुमची तक्रार करतील, बदलीसाठी मुंबईला खेपा घालतील, पण तुमची नोकरी त्यांच्या हातात नाही. डेटनच्या व्यवस्थापकाला तुमच्या या संरक्षणाचा हेवा वाटेल. हेवा करायचाच असेल तर तुम्ही त्यांच्या एका वेगळ्या गोष्टीचा करा. शहर चालवणं हा स्वतंत्र पेशा आहे असं ते लोक मानतात. 1914 पासून त्यांची स्वतःची संघटना आहे आणि 1924 पासून आचारसंहिता. आपल्याकडे मात्र निवड झालेली मुलगी पहिल्या दिवशीच विचारते, ‘इथून वर कधी जाता येईल?’

‘नगरसेवक काम करू देत नाहीत’ या वाक्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नगरपालिका प्रशासनात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत आणि ठेकेदाराच्या बिलासाठी टेबलावर हात आपटणारे सदस्य मी पाहिले आहेत. पण नगरसेवक नसले की काय होतं, तेही पुण्याने अलीकडेच पाहिलं. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते. अडवणारं कोणी नव्हतं. तुमच्या हिशेबाने तो सुवर्णकाळ ठरायला हवा होता. तुम्ही पुण्यातच राहता. तुमच्या गल्लीतली जलवाहिनी फुटली तेव्हा फोन कोणाला करायचा हे त्या काळात शेजाऱ्यांना कळत होतं का, ते त्यांनाच विचारा. क्षेत्रीय कार्यालयातला अधिकारी वाईट नसतो, पण त्याला त्या गल्लीत पुन्हा मत मागायला यायचं नसतं.

मी काम केलेल्या एका छोट्या गावातली गोष्ट सांगते. ठेकेदाराने घंटागाडीचं वेळापत्रक बनवलं होतं. नकाशावर सुबक, डिझेलची बचत करणारं. एक वयस्कर नगरसेवक सभेत उठले आणि म्हणाले, हे आमच्या भागात चालणार नाही. सगळ्यांना वाटलं, नेहमीचा विरोध. पण ते शांतपणे म्हणाले, ‘सात ते आठ आमच्याकडे नळाला पाणी असतं. त्या वेळात बाया हंडे भरतील की कचरा घेऊन रस्त्यावर येतील?’ गाडीची वेळ बदलली आणि त्या भागातला उकिरडा महिन्याभरात कमी झाला. हे कुठल्याही प्रकल्प अहवालात येत नाही. तुम्ही असे अहवाल लिहिले आहेत, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. असं ऐकून घेणं म्हणजे हांजी हांजी नव्हे. अर्धं शहर तुम्हाला नगरसेवकांच्या तोंडूनच कळणार आहे.

मग वीस हजार वस्तीच्या गावाचं काय? इथे मी तुमच्याशी थेट असहमत आहे. पुण्याचा आयुक्त किती शहर चालवतो ते पाहा. पाणी खडकवासला साखळीतून येतं, त्याचा कोटा जलसंपदा खातं ठरवतं. बस पीएमपीएमएलची, मेट्रो महामेट्रोची, चौकातली वाहतूक पोलिसांची, हद्दीबाहेरची वाढ पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाच्या ताब्यात, आणि मध्येच कॅन्टोन्मेंटची स्वतंत्र बेटं. त्या यंत्रणेत तुम्ही सहायक आयुक्त झालात तर एका खात्याचा एक कोपरा बघाल. नगरपंचायतीत किंवा ‘क’ वर्ग म्हणजे लहान नगरपरिषदेत मात्र पाणी उपसणाऱ्या जॅकवेलवरचा जळालेला पंप, सफाई कामगारांची हजेरी, घरपट्टीची वसुली, बांधकाम परवानगी, रस्त्यावरचे दिवे, आठवडे बाजारातली जागा आणि सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हे सगळं एकाच टेबलावर येतं. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय दिले आहेत. ते पाठ करणारे पेठेत हजारो आहेत, त्यांतले बहुतेक विषय एका आठवड्यात हाताळण्याची संधी मुख्याधिकाऱ्याला मिळते.

लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात पाहा. सासवड हे छोटं गाव, पण 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिलं आलं. आळंदीची कायमची वस्ती किती आणि आषाढीच्या प्रस्थानाला लोटणारे वारकरी किती! त्या दिवसांत पिण्याचं पाणी, शौचालयं, रस्त्यांची सफाई हे सगळं त्या छोट्या नगरपरिषदेलाही पेलावं लागतं. चाकण अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायत होती, भोवती कारखाने उभे राहिले आणि आता तिला शहराची सोंगं नाही, शहराची गटारं आणि रस्ते हवे आहेत. शहर घडण्याच्या वेळी तिथे असणं म्हणजे काय, ते चाकणमध्ये जास्त कळेल की लक्ष्मी रस्त्यावर?

आता जे खरोखर जड आहे त्याबद्दल. दबाव येतो, आणि तो चित्रपटासारखा धमक्या देत येत नाही. 31 मार्च जवळ आलेला असतो, निधी परत जाण्याची भीती असते आणि कोणीतरी अदबीने म्हणतं, ‘मॅडम, सही करा, मोजमाप नंतर भरून घेऊ.’ किंवा एकाच रस्त्याचे चार तुकडे पाडून निविदा टाळण्याचा प्रस्ताव येतो आणि खालच्या सगळ्या सह्या आधीच झालेल्या असतात. या दोन्ही जागी सही करायची नाही. झालेल्या कामाची मोजमाप पुस्तकात नोंद असल्याशिवाय बिल नाही, हा नियम पहिल्या महिन्यातच सगळ्या कार्यालयाला कळला पाहिजे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप फार उशिरा येतात. तेव्हा आग्रह करणारा सदस्य माजी झालेला असतो, सही मात्र तुमचीच असते.

नाही म्हणायची रीत शिकावी लागते. तोंडी सूचना आली की ती त्याच दिवशी टिपणीत आणायची. विषय सभेपुढे जाण्याआधी त्यावर कायदेशीर अभिप्राय लिहून ठेवायचा, सभेत उभं राहून सदस्यांना कायदा शिकवायचा नाही. नगराध्यक्ष आता थेट लोकांमधून निवडून येतात, त्यांच्यामागे सगळ्या गावाची मतं असतात. त्यांना नकार द्यायचा असेल तर आधी केबिनमध्ये, स्वतः जाऊन, कारणासह द्या. दुसऱ्याच्या तोंडून किंवा वर्तमानपत्रातून त्यांना कळलं तर तो नकार अपमान होतो. एवढं करूनही बेकायदा ठराव झालाच, तर 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तसा प्रस्ताव पाठवण्यात अजिबात संकोच नको. पण ते हत्यार दर महिन्याला उपसणारा मुख्याधिकारी गावात टिकत नाही आणि टिकायला तो लायकही नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधी सदस्यांनाही भेटीची ठरलेली वेळ द्या. फोन उचला. निम्मा राग फोन न उचलल्याचा असतो.

बदल्या होतात. 2005 च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे, पण त्याआधीही उचलबांगडी होते. सामान थोडं ठेवायची सवय लावून घ्यावी लागते. रात्री-अपरात्री फोन येतात आणि अतिक्रमण काढायच्या दिवशी शिव्या ऐकाव्या लागतात. बाई म्हणून त्या थोड्या जास्तच. पोलीस बंदोबस्ताशिवाय अशा कारवाईला जायचं नाही, आणि घर शक्यतो कार्यालय असलेल्या गावातच घ्यायचं. यापलीकडे त्यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. आज कितीतरी मुली हे पद उत्तम सांभाळत आहेत.

उपजिल्हाधिकारी पदाचं मोठेपण मी नाकारत नाही. भारतीय प्रशासन सेवेत बढतीचा त्यांचा रस्ता सरळ आहे, मुख्याधिकाऱ्याचा अरुंद. मुख्याधिकारी पुढे उपायुक्त, अतिरिक्त आयुक्त होतात, काही जण छोट्या महापालिकांचे आयुक्तही. ज्याला चढण हवी त्याने हा फरक नक्की मोजावा. पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात पाणी आहे, कचरा आहे, पदपथ आहेत, मुठेचा काठ आहे. जमीन महसूल, भूसंपादन, फेरफार, प्रांत कार्यालय यांचा एक शब्दही नाही. जे काम करायची तुम्हाला मुळात ओढ नाही, त्यासाठी आणखी एक-दोन वर्षं अभ्यासिकेत काढायची का? उपजिल्हाधिकारी व्हायचं आहे ते तुम्हाला की घराला, याचं उत्तर तुम्हीच देऊ शकता.

म्हणून माझं मत, रुजू व्हा. पुन्हा परीक्षा देण्याचं मनातून जात नसेल तर आवश्यक ती परवानगी घेऊन एकदा द्या, परिवीक्षेच्या काळातच, आणि मग तो विषय मिटवा. दर वर्षी मुख्य परीक्षेसाठी रजा टाकणाऱ्या अधिकाऱ्याला गाव ओळखून असतं. कर्मचारी फायली पुढच्या साहेबासाठी राखून ठेवू लागतात. त्या गावातल्या लोकांना नळाला पाणी तुमच्या निकालानंतर नको असतं.

कंपनीला नम्रपणे नकार कळवा, आणि महिनाअखेरची वाट न बघता. ते काम कमी दर्जाचं नाही. चांगला अहवाल नसेल तर योजना फसते. पण अहवाल देऊन तुम्ही पुढच्या शहराकडे जाता, आणि मलनिस्सारण केंद्र चालवायला वीजबिलाचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मागे कोणाच्या तरी टेबलावर राहतो. तुम्हाला ते टेबल हवं आहे, असं मला पत्रावरून वाटतं. अर्थात घरावर कर्ज असेल, आजारपणाचा खर्च असेल, तर पगाराचा विचार कोणतीही लाज न बाळगता करा. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी ते गृहीत धरलं नाही.

राहिले वडील. त्यांचं ‘मी आतून पाहिलंय’ हे वाक्य तुम्ही अडथळा म्हणून लिहिलं आहे. मला ती तुमची सगळ्यात मोठी शिदोरी वाटते. त्यांना ‘जाऊ की नको’ हे विचारू नका, त्याचं उत्तर ते देऊन मोकळे झाले आहेत. त्यांना नेमकं विचारा. कोणती फाईल होती? कोणत्या साहेबाच्या वेळी? कोणी सही केली, कोणी टाळली आणि टाळणाऱ्याचं पुढे काय झालं? वरून आलेला अधिकारी खालच्या टेबलाला कसा दिसतो? नवीन साहेब किती दिवसांत ओळखला जातो आणि कशावरून? लिपिकाला जे दिसतं ते मुख्याधिकाऱ्याला पाच वर्षांतही दिसत नाही. संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसा, वही घेऊन. त्यांच्या मनात भीती कशाची आहे हेही त्यातून कळेल. बहुधा तुमच्या प्रामाणिकपणाला धक्का लागेल याची असेल, किंवा प्रामाणिक राहिल्यावर तुम्ही एकट्या पडाल याची. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि दोन्हींवर त्यांच्याकडेच काहीतरी उपाय असेल.

नियुक्तीचा आदेश हातात पडायला वेळ लागतो आणि त्यानंतर पुण्याची यशदा किंवा नागपूरची वनामती अशा संस्थांमधून प्रशिक्षण असतं. मधला वेळ वाया घालवू नका. 1965 चा अधिनियम परीक्षेसाठी वाचलात तसा न वाचता, एखाद्या नगरपरिषदेचा अर्थसंकल्प आणि लेखापरीक्षण अहवाल शेजारी ठेवून वाचा. सासवड, आळंदी, चाकण, भोर यांपैकी कुठेही चार-पाच सकाळी जा. साडेसहाला मुकादम हजेरी घेतो तिथे उभ्या राहा, मग आरोग्य निरीक्षकाबरोबर फिरा. सर्वसाधारण सभा असेल तर आधी विचारून प्रेक्षकांत बसा आणि कोण किती बोलतं यापेक्षा कोणाच्या बोलण्यानंतर ठराव बदलतो ते टिपा.

याच धर्तीची आणखीही पत्रं आली आहेत, म्हणून ज्यांची राज्यसेवेतून निवड झालेली नाही त्यांच्यासाठी थोडं. नगरपालिकेत शिरायला मुख्याधिकारी हे एकच दार नाही. नगरपरिषदांच्या राज्यस्तरीय संवर्गांत कर निर्धारण व प्रशासन, लेखा, अभियांत्रिकी, स्वच्छता निरीक्षक अशी पदं भरली जातात आणि तिथून बढतीने मुख्याधिकारी होता येतं. महापालिका स्वतःची भरतीही करतात. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही 1926 पासूनची संस्था स्थानिक प्रशासनाच्या पदविका चालवते. नोकरीत असलेल्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो. स्वच्छ भारत अभियानात शहर समन्वयकांची कंत्राटी पदं असतात. त्यांना सुरक्षितता नाही आणि ती घेताना हे पूर्ण समजून घ्या, पण एखाद-दुसऱ्या वर्षात नगरपालिका आतून कळते. ज्यांनी चार-पाच प्रयत्न केले आहेत आणि वय हातातून निसटतं आहे, त्यांनी यातला एखादा अर्ज पुढच्या पूर्वपरीक्षेची वाट न बघता भरावा.